डाय 'टारू' जोन्सवरची आजन्म बंदी: शिस्त की अन्याय?

कोळसाखाण:
१६ डिसेंबर १९०५, कार्डिफ आर्म्स पार्क, रग्बीची मॅच, वेल्स ३ न्यूझीलंड ०. त्या अख्ख्या ब्रिटन दौऱ्यात न्यूझीलंड फक्त हीच मॅच हरलं. त्या दिवशी वेल्सच्या पॅकमध्ये (धडका देणाऱ्या पुढच्या फळीत) डेव्हिड उर्फ डाय जोन्स होता, दक्षिण वेल्समधल्या ॲबरडेअरचा खाणकामगार, सहा फुटांच्या वरचा गडी, लोक त्याला 'टारू' म्हणजे वेल्शमध्ये वळू म्हणायचे. आणि १९०७ ला याच माणसाला वेल्श रग्बी युनियनने खेळायचे पैसे घेतले म्हणून कायमचं बाहेर काढलं. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय आहे.

नियम_पहिला:
अन्याय कसला? युनियनच्या खेळात पैसे चालत नाहीत हे लहान पोराला पण ठाऊक होतं. १८९५ ला उत्तर इंग्लंडचे क्लब नेमके याच वादात बाहेर पडले, नॉर्दर्न युनियन ही वेगळी रग्बी संघटना काढली, तिथे खेळाडूला पैसे चालायचे. पैसे पाहिजेत तर तिकडे जायचं, दार उघडं होतं. इकडे राहून गुपचूप घ्यायचे आणि जो प्रामाणिकपणे फुकट खेळतो त्याच्या बरोबरीने जर्सी घालायची, हे पटत नाही.

कोळसाखाण:
अहो, फुकट खेळणं परवडतं कोणाला तेही बघा ना. वकील-डॉक्टर शनिवारी मॅचला गेला तर त्याचं काय अडतं? खाणीत जेवढा कोळसा फोडाल तेवढी मजुरी, पाळी बुडाली की पैसे बुडाले, आणि मैदानात हात मोडला तर घरी चूल कशी पेटणार. शिवाय १८९७ ला याच युनियनच्या लोकांनी वेल्सच्या संघाचा कॅप्टन आर्थर गूल्डला न्यूपोर्टमध्ये अख्खं घर बक्षीस दिलं, वर्गणी काढून! ते चालतं आणि खाणकामगाराची नुकसानभरपाई चालत नाही?

दक्षिणवाले:
गूल्डचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय बरं का. त्या घरावरून एवढा गदारोळ झाला की वेल्सला त्या वर्षी फक्त इंग्लंडशी खेळायला मिळालं, स्कॉटलंड-आयर्लंडशी मॅचच नाही. परत एकटं पडायची भीती युनियनला असणारच. आणि १९०७ ला एकट्या जोन्सला नाही पकडलं, ॲबरडेअर क्लबची अख्खी कमिटी पण कायमची निलंबित केली.

कोळसाखाण:
भीती होती हे मान्य, पण म्हणून किंमत कोणी मोजायची? गूल्डच्या वेळी युनियन स्वतः अंगावर वादळ घेऊन उभी राहिली, टारूच्या वेळी कोणी उभं राहिलं नाही. आणि गडी थांबला नाही, दक्षिण वेल्समधल्याच मर्थर टिडफिल क्लबकडून नॉर्दर्न युनियनमध्ये गेला, १ जानेवारी १९०८ ला ॲबरडेअरलाच वेल्सने न्यूझीलंडच्या व्यावसायिक संघाला ९-८ हरवलं आणि शेवटी शेवटी जिंकून देणारी ट्राय (रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) त्याचीच. दोन्ही प्रकारच्या रग्बीत न्यूझीलंडला हरवलंय त्याने!

नियम_पहिला:
तो महान खेळाडू होता याबद्दल वादच नाही, पुढे महायुद्धात वेल्श गार्ड्समधून लढला, जखमी झाला, त्याबद्दल मला आदरच आहे. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो, पैसे घेऊन उघडपणे खेळायची जागा होती आणि तिथे तो चमकला. मग आधीच का नाही गेला?

कोळसाखाण:
कारण मर्थरचा क्लबच १९०७ ला निघाला. त्याआधी जायचं म्हणजे दरी सोडून, घरची माणसं सोडून यॉर्कशायर-लँकेशायर गाठायचं. तुम्ही ज्याला उघडं दार म्हणताय ते दार घरापासून एवढं लांब होतं.