जुळ्यातली कालवड ठेवावी का?

नवा_गोठा: संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईला जुळी झाली, एक गोऱ्हा, एक कालवड. वासरं तीन आठवड्यांची आहेत. जुळ्यातली कालवड वांझ निघते म्हणतात, ते खरं का? शेळीला तर सर्रास दोन-दोन करडं होतात, तिथं असं कुणी म्हणत नाही.

वेत_नोंद: जोडीला गोऱ्हा असेल तरच खरं. दोन्ही कालवडी असत्या तर बिनघोर ठेवा म्हटलं असतं. गोऱ्ह्याबरोबरच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त कालवडी वांझ निघतात. गाईच्या पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळतात, गोऱ्ह्याची संप्रेरकं कालवडीत उतरतात आणि तिचं गर्भाशय नीट घडत नाही. शेळी-मेंढीत वाहिन्या अशा क्वचितच जुळतात. गोऱ्हा गर्भातच लवकर मेला तर एकट्या जन्मलेल्या कालवडीतही हा दोष राहू शकतो.

माज_तपासणी: माज येईपर्यंत थांबू नका, दीड वर्षाचा चारा फुकट जाईल. याच वयात गोल टोकाची, जंतुनाशकाने धुतलेली गुळगुळीत नळी वंगण लावून निरणातून (योनीमार्गातून) हलकेच आत सारतात. चांगल्या कालवडीत ती १२ ते १५ सेंमी जाते, वांझ असेल तर ५-६ सेंमीवरच अडते. जोर लावला तर इजा होते, म्हणून हे पशुवैद्याकडूनच करून घ्या. निरणाच्या खालच्या टोकाला केसांचा झुबका असेल तर संशय बळावतो. पक्कं उत्तर रक्ततपासणीतच मिळतं: कालवडीच्या रक्तात वाय, म्हणजे नराच्या, गुणसूत्राच्या पेशी सापडल्या की विषय संपला.

नवा_गोठा: पुन्हा जुळी राहिली तर? आणि म्हशीत?

वेत_नोंद: म्हशीत जुळी फारच विरळा. जास्त दुधाच्या एचएफमध्ये मात्र एका माजाला दोन बीजं सुटण्याचं प्रमाण जास्त, आणि एकदा जुळी झालेल्या गाईला पुन्हा होण्याची शक्यताही अधिक. सोनोग्राफीत दोन दिसले तर नेहमीपेक्षा आठ-दहा दिवस आधीच आटवा (दूध काढणं थांबवा), कारण अशी गाय २८० दिवस भरायच्या आत विते.

विताना तीन पाय दिसले तर ओढू नका. आधी हात घालून कोणता पाय कुणाचा ते खांद्यापर्यंत चाचपा. खुराच्या वरचे दोन्ही सांधे एकाच दिशेला वळले तर पुढचा पाय, उलटसुलट वळले तर मागचा. दुसरं वासरू बऱ्याचदा पायाळूच असतं. जवळचं आधी काढा, दुसरं मागे सारा. वार अडकणं यात नेहमीचंच. चीक मात्र दोघांना वेगवेगळा मोजून, पहिल्या दोन तासांत: २५ किलोच्या वासराला अडीच लिटर.