खाजणातला आवाज

गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या खाजणात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, बांध सावरणाऱ्या शेतकऱ्यांची मुलाखत वाऱ्याने बिघडली, म्हणून महागडा कॅमेरा घ्यावा का, असं एकाने विचारलंय. नको, पैसे आवाजावर घाला. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, त्यावर वारा अडवणारं केसाळ आवरण (विंडशील्ड) चढवा, बोलणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे ठेवा. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास हवी; माणूस तावातावाने बोलू लागला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही. निघताना त्याच जागेची १ मिनिटाची शांतता रेकॉर्ड करा, संकलनात जोड झाकायला लागते.

मुलाखतीइतकंच बांधावरचं काम कॅमेऱ्यात टिपा. भरतीच्या दाबाने मानशीची (बांधातल्या पाणी अडवण्या-सोडण्याच्या झडपेची) दारं मिटतात, फटीतून पाणी झिरपतं, कुणीतरी तिथे चिखल थापतं. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण ६ तास जातात, तेव्हा भरतीची वेळ आधी बघूनच जा.