इटालियन शब्द कुठे तोडायचा? पुस्तक/अ‍ॅप सुचवा (बजेट हजार)

तोरिनोची_तयारी: सप्टेंबरात एमएस्सीला तोरिनोला चाललेय. व्याकरण जमतंय, पण लांबलचक शब्द आला की कुठे तोडायचा, जोर कुठे द्यायचा कळत नाही. क्लास नकोय.

सदाफिरता: क्लासच लाव. मी मिलानच्या एका बाईंकडे ऑनलाइन शिकलो. महाग पडलं, पण आता तिथले वेटर माझ्याशी इंग्रजीत बोलत नाहीत.

मिरजेची_मावशी: हजार कशाला घालवतेस? एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं: का-सा. दुहेरी व्यंजन मधून तुटतं: नोत्-ते, पाल्-ला. ल, म, न, र नंतर व्यंजन आलं तरी तसंच: काम्-पो, पार्-ते. पण ली-ब्रो, मा-द्रे यांतला र आधीच्या व्यंजनापासून तोडायचा नाही. आणि पा-स्ता. पिझ्झा म्हणू नकोस, पीत्-त्सा. चमच्यातला च आपल्याकडे आहेच की.

गणमात्रा: पा-स्ता हे शाळेपुरतं. कानाला पास्-ता ऐकू येतं. 'पुस्तक'मधला पु गुरू का होतो?

मिरजेची_मावशी: ओळीच्या शेवटी शब्द तोडताना इटलीत पा-स्ताच लिहितात. वृत्तांचा वेगळा धागा काढा.

गणमात्रा: तिने उच्चारही विचारलाय, नुसतं शुद्धलेखन नाही.

सदाफिरता: म्हणूनच म्हणतो, क्लास.

नाव_नको: क्लासचं नाव काढू नका! पुण्यात एकीकडे भरपूर फी भरली आणि मॅडम 'टुट्टी' शिकवत होत्या. तूत्-ती! त आणि द दाताला जीभ लावून, मराठी माणसाला काय अवघड आहे? जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. नापोली, मोदेना, साबातो यांत मात्र पहिल्यावर. काफ्फेसारखा शेवटच्यावर असेल तर लिहिताना वर चिन्ह देतात. बाकी पाठांतर.

ताकभात: मावशींना +१. दुहेरी व्यंजन तर तोडाच. नववर्षाच्या शुभेच्छांमधल्या 'आन्नो'चा न एकेरी केलात तर भलताच अवयव होतो.

मुलुंडकर: राई या तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेचा उच्चारकोश नेटवर फुकट आहे. जोर कुठे ते त्यात कळतं.

तोरिनोची_तयारी: सगळ्यांचे आभार. मावशी, नियम वहीत उतरवले. राईचा कोश उघडला, सगळं इटालियनमध्येच, मला नाही झेपणार. शेवटी अठराशेचं अ‍ॅप घेतलं, वर्षभराची ऑफर होती.

सदाफिरता: तेवढ्यात बाईंचे दोन तास झाले असते.

ताकभात: अ‍ॅपचं नाव?