पियास्त्रीने जागा सोडायलाच नको होती

चाकोरीबाहेर:
परवा एकाने लिहिलं, "गाडी टीमची, पगार टीमचा, तर हुकूमही टीमचाच. ड्रायव्हरने गुमान ऐकावं." दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

फॉर्म्युला वन, मॉन्झाची शर्यत, २०२५. मॅक्लारेन या एकाच टीमचे दोघे: नॉरिस दुसरा, पियास्त्री तिसरा. पिटमध्ये, म्हणजे चाकं बदलायच्या थांब्यावर, नॉरिसचं चाक बसेना, ५.९ सेकंद गेले आणि पियास्त्री पुढे निघाला. लगेच रेडिओवर फर्मान: जागा परत दे. त्याने कुरकुर केली, पण दिली. अहो, चाक अडकणं हा शर्यतीचाच भाग! आठवडाभर आधी झांडव्हूर्टला नॉरिसची गाडी तेलगळतीने बंद पडली, ते गुण दिले का कुणी भरून? मेकॅनिकची चूक दुसऱ्या ड्रायव्हरच्या खिशातून का भरायची?

मोसमाचा शेवट बघा. नॉरिसचे गुण ४२३, रेड बुल टीमच्या व्हर्स्टापेनचे ४२१. मॉन्झात जागा परत मिळाल्याने वाढलेले ते ३ गुण काढले तर विश्वविजेताच बदलतो.

खालचा_थर:
तो "एक" मीच. तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. टीममधला जो पुढे असेल त्याला पिटमध्ये आधी घेतात. मागून फेरारीच्या लेक्लेरचा धोका होता म्हणून पियास्त्रीला आधी बोलावलं. नॉरिसने हक्क सोडला तो जागा जाणार नाही या शब्दावर. शब्द दिला की पाळायचा.

नऊ वर्षं मी गोविंदा पथकात खालच्या थरात उभा राहतोय. हंडी फोडतं ते पोर वेगळं, पेपरात फोटो त्याचा. माझ्या खांद्यावर फक्त वळ. प्रत्येकजण वर चढायचं म्हणाला तर सगळेच खाली येतील. २०१० साली इस्तंबूलला व्हेटेल आणि वेबर एकमेकांवर आदळले, रेड बुलचे हातातले पहिले दोन नंबर गेले. हेच हवंय?

सातारची_सायकल:
दादा, तुमच्या थरात कोण कुठे ते आधी ठरतं. माझं ऐका. जिल्ह्याची निवड शर्यत, यवतेश्वरचा चढ. शेवटच्या दोन वळणांत मी पुढे. मोटरसायकलवरून कोच ओरडले, "थांब, तिला जाऊ दे!" ती क्लबच्या अध्यक्षांची भाची. मी ब्रेक दाबला. चढावर ब्रेक! चौदा वर्षं झाली, ती लिव्हर अजून बोटांना जाणवते. निवड तिची झाली.

पार्कातला:
हे सगळं आपण मुलतानला पाहिलंय. २००४, सचिन १९४ नाबाद आणि कर्णधार द्रविडने डाव घोषित केला. सहा धावा! सामना पाचव्या दिवशी सकाळीच संपला, मग घाई कसली होती?

रेघ_आखणारी:
पुन्हा मुलतान! एक डाव ५२ धावांनी जिंकलो की नाही? कर्णधाराने संघाचं बघायचं की द्विशतकाचं?

पार्कातला:
६७५ झाल्या होत्या, आणखी दोन षटकांनी काय बिघडलं असतं? सचिनने नाराजी उघड बोलून दाखवली होती. त्या दिवशी आमच्या घरी कुणी नीट जेवलं नाही.

रेघ_आखणारी:
तुमच्या जेवणावर संघ चालत नाही.

पार्कातला:
तोंड सांभाळून बोला. त्याच्यासाठी आम्ही परीक्षा बुडवून मैदानावर गेलोय.

चाकोरीबाहेर:
दोघेही थांबा. मुलतानचा निर्णय कर्णधाराचा होता, तोही मैदानात तेच ऊन खात होता. इथे हुकूम देणारा हेडफोन लावून भिंतीशी बसलेला असतो.

आणि खालचा थर, हुकूम पाळणं हाच धर्म असेल तर सिंगापूर २००८ चं काय? त्याच टीमच्या आलोन्सोला फायदा व्हावा म्हणून धाकट्या पिकेने गाडी मुद्दाम भिंतीवर घातली. तोही टीमचाच बेत होता.

खालचा_थर:
त्याची तुलना इथे करू नका. ती फसवणूक होती, मॉन्झात कुणाची हाडं मोडणार नव्हती. २०१७ ला हंगेरीत बोटासने आपल्याच टीमच्या हॅमिल्टनला पुढे सोडलं. हॅमिल्टनला पुढचं कुणी गाठता आलं नाही, तेव्हा त्याने शेवटच्या वळणावर तिसरी जागा परत दिली. स्वतः विजेतेपदासाठी झुंजत असताना! माझ्या लेखी ती शर्यत त्याच्या कित्येक विजयांपेक्षा मोठी.

सातारताईंच्या कोचने केलं ते मात्र हरामखोरीच. ते संघासाठी नव्हतं.

सातारची_सायकल:
तेव्हा मला तेही संघासाठीच म्हणून सांगितलं होतं.

चाकोरीबाहेर:
पिटच्या क्रमाचं मान्य, तो भाग मी गाळायला नको होता. शब्द दिला होता, तर परतफेड टीमने करावी. पण जागा गेली पियास्त्रीची, आणि त्याला कुणी कसलाच शब्द दिला नव्हता.

पार्कातला:
दोन षटकं. फक्त दोन.