खारबांधाला खांड गेलीय, शेतात तिवरं उगवलीत – मदत हवी आहे

नमस्कार. अलिबाग तालुक्यात खाडीला लागून आमची सामाईक दीड एकर भातशेती आहे. २०२३ च्या पावसाळ्यात उधाणाने खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, तेव्हापासून खारं पाणी आत-बाहेर करतंय. आता तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडंही उगवलीत (त्यांना हात लावायचा नाही, ते माहीत आहे). पंचनामा झालाय, ७/१२ आणि ८अ जवळ आहेत. वर्गणी काढून मातीने खांड बुजवली, पुढच्याच पुनवेला वाहून गेली. पनवेल ३ हे भाताचं वाण पेरून पाहिलं, पण रोजच्या भरतीपुढे खार सोसणारं बियाणं तरी काय करणार! कार्यालयात सांगतात, बांध खासगी आहे, शासकीय खारभूमी योजनेत नाही.

असा बांध योजनेत घ्यायचा तर प्रस्ताव कोणी द्यायचा, ग्रामपंचायतीने की सगळ्या खातेदारांनी मिळून? आणि तिवरं असताना वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते का?