'लेगसी रीसेट'ला मराठीत काय म्हणावं?

विश्रामबागकर: एका सांगलीकर पतसंस्थेसाठी स्टोरेज सर्व्हरची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. आय-स्कझी, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क पुरवणारा प्रोटोकॉल. त्यात टार्गेटसाठी, म्हणजे डिस्क पुरवणाऱ्या सर्व्हरसाठी, टार्गेट वॉर्म रीसेट आणि टार्गेट कोल्ड रीसेट अशा दोन कमांड आहेत. वॉर्ममध्ये टार्गेटवरची सगळी लॉजिकल युनिटं (होस्टला वेगवेगळ्या डिस्क म्हणून दिसणारे भाग) रीसेट होतात. कोल्डमध्ये शिवाय सगळ्या होस्टची, म्हणजे त्या डिस्क वापरणाऱ्या मशीनची, कनेक्शनं तुटतात, मशीन बंद करून चालू केल्यासारखं. 2004 च्या मानकातही या ऐच्छिकच होत्या. तरी जुन्या क्लस्टरसाठी (एकत्र काम करणाऱ्या मशीनसाठी) काहीजण त्या अजून ठेवतात, म्हणून त्या 'लेगसी', म्हणजे जुन्या पण अजून वापरातल्या. 'लेगसी'ला मी 'वारसा' लिहिलं, तर मॅनेजर म्हणाले, वारसा म्हणजे वाड्यात-जमिनीत हिस्सा. मग काय लिहू?

कोरेगावची: 'कालबाह्य' लिहा की.

विश्रामबागकर: ताई, कालबाह्य वाचलं की माणूस ती सोय सरळ बंद करेल. तिच्यावर अवलंबून असलेला जुना होस्ट मग लटकतो.

वाईकर: आधी 'रीसेट'चं बघा. 'पुनःस्थापन' हा सरळ शब्द आहे. सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' दिले, ते रुळलेच ना? वापरल्याशिवाय शब्द रुळणार कसा?

हळदपेठ: पुनःस्थापन म्हटलं की मला देवळातली मूर्ती दिसते. आमच्या मळ्यात मोटर ट्रिप झाली की गडी स्टार्टरची पेटी उघडतो, ओव्हरलोड रिलेचं बारकं बटण दाबतो आणि म्हणतो, 'रीसेट मारला.' रिले गार व्हायच्या आत दाबलं तर ते बसतच नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक. शाळा न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी तो शब्द आहे. त्याला परका कसं म्हणायचं?

वाईकर: तोंडी आहे म्हणून पुस्तिकेत चालतो, असं नाही.

हळदपेठ: पुस्तिका वाचणार कोण? तोच.

तासगावचे तलाठीकाका: मी रिटायर तलाठी. 'लेगसी'ला 'वहिवाटीचा' घ्या. नकाशात रस्ता नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या गाडी जाते, ती वहिवाट. कुणी बांध आडवा घातला तर मामलेदार कोर्ट कायदा 1906, कलम 5 खाली तहसीलदार तो काढायला लावतो. तुमचा जुना होस्टही तसाच जुन्या वाटेनं येतोय.

विश्रामबागकर: काका, शब्द फार आवडला. पण इथं टार्गेटवर सक्ती नाही, 'ही सोय नाही' असं उत्तर देऊन तो मोकळा होतो. शिवाय एका टार्गेटवर चार होस्ट असले आणि एकानं रीसेट दिला, तर बाकी तिघांचीही चालू कामं रद्द. म्हणून आता एका युनिटापुरताच रीसेट द्यावा म्हणतात. वहिवाटीनं जाणारा दुसऱ्याचं पीक तुडवत नाही.

कोरेगावची: तुडवतो की! आमच्या उसातनं ट्रॅक्टर घालतात.

हळदपेठ: आणि आमच्याकडं वहिवाट म्हणजे रस्ता नव्हे, कब्जा. 'जमीन नावावर त्याची, वहिवाट आमची' असंच बोलतात. 'वहिवाटीचा रीसेट' वाचून मला वाटेल, रीसेट कुणीतरी बळकावलाय.

तासगावचे तलाठीकाका: दोन्ही अर्थ आहेत. कसणारा तो वहिवाटदार, हे मीच किती पंचनाम्यांत लिहिलंय. पण कलम 5 ची तक्रार घेऊन येणारा माणूस रस्त्याबद्दलच बोलत असतो.

वाईकर: मुळात हा शब्द 'वाहती वाट' असा असावा.

तासगावचे तलाठीकाका: त्याला आधार दाखवा. माझ्या मते वाटेशी त्याचा संबंध नाही, वाहणं म्हणजे कसणं, त्यातून आलाय.

कोरेगावची: काका, ट्रॅक्टरसाठी रस्ता किती फुटी मागता येतो? आमचा अर्ज तहसीलमध्ये पडून आहे.