मदत हवी आहे : पुण्याजवळ तंबूतली पहिली, शांत रात्र

डिसेंबरमध्ये दोघांसाठी एका मुक्कामाचा बेत आहे. हेतू डोकं शांत करण्याचा, त्यामुळे डीजे आणि बार्बेक्यूवालं पॅकेज नको. पवना धरणाच्या काठी शनिवारी शांतता मिळणं अवघड, म्हणून रविवारची रात्र धरली आहे. पानशेत किंवा वरसगावच्या बाजूला कुणाच्या शेतात परवानगीने तंबू लावता येईल का? शौचालय आणि मोबाईलची रेंज हवीच. एकाला पॅनिक अटॅक येतात, त्यामुळे रेंज नसलेली जागा बाद. गाडी तंबूपर्यंत जावी, म्हणजे रात्री घरी परतायची वाट मोकळी राहते.

सामान ठरलंय: दोघांसाठी तीन माणसी तंबू, माणशी पाच लिटर पाणी, दोन हेडलॅम्प, नेहमीच्या गोळ्या. त्या ठरल्या वेळीच घ्यायच्या. दारू नाही, झोप तुटते. शेगडी तंबूत अजिबात नाही, तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, त्यामुळे धोका कळतच नाही.

अडलंय ते थंडी आणि दवापाशी. पाण्यालगतच्या खोलगट जागेत गार हवा साचते, म्हणून थोडा उंचवटा बघतोय. श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमून पहाटे टपकते. त्यासाठी वरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर स्लीपिंग बॅग किती उबेची लागेल? खाली साधी हवेची गादी गार पडते, तर दहा मिलिमीटरची फोम मॅट पुरेल की दोन घ्याव्यात? आणि भाड्याच्या तंबूचं बाहेरचं कापड आतल्याला चिकटत नाही ना, हे घेतानाच कसं तपासायचं? गच्चीवर लावून बघणार आहोत, पण तिथे खुंट्या ठोकता येत नाहीत. पाण्याचे कॅन बांधून तेवढा ताण मिळतो का?